पीएच सातवाले काका

"माझ्याकडं नको, पोरी, आकड्याकडं बघ." असं म्हणत आमचे खालच्या मजल्यावरचे काका चष्मा कपाळावर ढकलायचे आणि काचेवर चिकटवलेल्या पीएचच्या आकड्यावर बोट टेकवायचे. काचेमागं त्यांची माशांची टाकी. खरं तर झाडांचीच. मासे आपले भाडेकरू.

तुमच्याही सोसायटीत असा एक सभ्य माणूस असेल. लिफ्टचं दार धरून ठेवणारा, वरच्या आवाजात कधी न बोलणारा. आमचे काका शहराच्या कडेला, कोसाडपलीकडच्या एका साड्या रंगवणाऱ्या मिलमध्ये पर्यावरण अधिकारी होते. खाडीत सोडायच्या पाण्याचा पीएच सातवर आणायचा, हे त्यांचं काम. पाणी जांभळं असो, नाक जाळणारं असो, सात आला की काकांची सही.

तेच पाणी कोसाडच्या वसाहतीतल्या हातपंपात झिरपतं, त्यानं आंघोळ करून पोरांच्या अंगावर चट्टे उठतात, असं आम्ही चळवळीतल्या पोरापोरींनी पत्रकात छापलं. मिल म्हणाली, पुरावा काय? पुरावा आमच्या खालीच राहत होता आणि माशांना खाऊ घालत होता. मी पत्रक नेऊन दिलं की तो मन लावून वाचायचा आणि शुद्धलेखन सुधारून परत करायचा.

पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. सिलिंडरमधून तो सोडला की पाणी किंचित आंबट होतं, पीएच उतरतो. दुकानदारानं यंत्र बसवून दिलं होतं: पीएच पावणेसातच्या वर गेला की गॅस चालू, खाली आला की बंद. झाडं तरारली. पण जन्मभर सात आणलेल्या माणसाला पावणेसात बघवेना. एका रविवारी सकाळी त्यांनी पाण्यात खायचा सोडा टाकला. आकडा चढला. यंत्रानं गॅस सोडून तो खाली ओढला. काकांनी पुन्हा सोडा टाकला, यंत्रानं पुन्हा गॅस. दोघेही कर्तव्यदक्ष. पाण्यात गॅस साठत गेला.

काकूंनी मला हाक मारली तेव्हा मासे वर तोंड काढून धापा टाकत होते.

"अहो, मरतायत ते."

"सात आहे की," काका म्हणाले. "बरोबर सात."

शेवटी काकूंनीच सिलिंडर बंद केला. तोवर बहुतेक मासे आडवे झाले होते.

मी टोमणा मारला. आम्हा पत्रकवाल्यांना तो आवरत नाही. म्हटलं, मासे खोटं बोलत असतील काका, सॅम्पल पाठवून बघा. ते चिडले नाहीत. जाळीनं एकेक मासा बाहेर काढत राहिले. मग मान वर न करता विचारलं, "त्या पोरांना चट्टे कुठं उठतात गं? हातावरच, की सगळीकडं?"

इतकी पत्रकं वाचून त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

पुढं मिल वाढवायची म्हणून लोकसुनावणी झाली. मांडव, कूलर, सगळ्यांना थंडगार छाश, म्हणजे आपलं ताक. काकांना आकडे वाचायला उभं केलं. त्यांनी वाचले, सगळे नियमात. तेवढ्यात कोसाडची एक खान्देशी बाई उभी राहिली.

"ते ऱ्हाऊ दे, भाऊ. ह्या पानीमा पोरेस्ले आंग धवाडूत का नही, तेवढं सांग."

मिलच्या साहेबांचा हात माइककडं सरकत होता. काकांनी माइक सोडला नाही.

"नका घालू आंघोळ," ते म्हणाले. "मी माझ्या नातवाला घातली नसती."

नोकरी गेली, हे सांगायला नको. मी पुढच्या पत्रकात त्यांचं नाव ठळक अक्षरात छापायला निघाले होते. त्यांनी हात जोडले. मुलगा हजिऱ्याच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, त्याला भोगावं लागेल, म्हणाले. म्हणून इथंही नाव नाही. काका-काकू धुळ्याला गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक हिरेदलाल राहतो.

मिलमध्ये नवा अधिकारी लगेच आला. त्याचे आकडे वसाहतीच्या भिंतीवर चिकटवले गेले: पाणी नियमात आहे. बायांनी मान वर करूनही त्या कागदाकडं बघितलं नाही. कुणीतरी घरातून साडीची लांब पट्टी आणली, त्या मिलमध्येच रंगलेली. त्या पट्टीनं हातपंपाचा दांडा करकचून बांधला, आणि सगळ्या हंडे उचलून टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.