अप्पांनी आणलेली नळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता माझाच मला इतका वैताग आलाय की गप्प बसवत नाही.

मी धाराशिवात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि अवकाशाचं वेड असलेली आठ-दहा माणसं गोळा केली. दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो, रॉकेटच्या इतिहासावर बोलतो. ऐकायला छान वाटतं ना? एकदा येऊन बसा. कुणीतरी विचारणारच — चंद्रावर वारा नाही, तर झेंडा कसा हलला? मी सांगायचं, वरून आडवी दांडी होती, रोवताना हलली. सगळे माना डोलावणार, आणि पुढच्या रविवारी परत तेच! दुसरा म्हणणार, हे सगळं आपल्याकडं पुराणकाळीच होतं. आणि सायकलवरून रॉकेटचं नाक नेतानाचा तो फोटो — तो तर ग्रुपवर इतक्यांदा आलाय की ती सायकल मला डोळे मिटूनही दिसते.

म्हणून मी एकच शब्द धरला. पुरावा. पुरावा आणा, मग बोला. माझ्या मागं मला 'पुरावाबाई' म्हणतात, हे ठाऊक होतं मला. खरं सांगू? आवडायचं ते.

नळदुर्गाजवळच्या जळकोटचे मल्लिनाथ अप्पा त्या मंडळात होते. हायवेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. शिक्षण सातवी, पण कुठलंही रॉकेट उडणार असलं की दुकान बंद करून मोबाईलसमोर बसणारा माणूस. आमच्याकडं सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. आणि मला त्यांची चीड यायची. का? मी पहिल्या द्रव इंधनाच्या रॉकेटचं सांगत असले — दोन-अडीच सेकंदं उडालं आणि कोबीच्या शेतात पडलं — की अप्पा मध्येच, "व्हय बाई, पर त्याची टाकी कशानं जोडली आसंल?" मला माहीत नसायचं. आणि लोक त्यांच्याकडं बघायचे. माझ्याकडं नाही.

एका रविवारी म्हैसूरच्या बाणांचा विषय निघाला. जुन्या काळी रॉकेटला बाणच म्हणत — लोखंडी नळीत दारू ठासायची, नळी बांबूला बांधायची आणि बत्ती द्यायची. अप्पा म्हणाले, मग आपल्या नळदुर्गाच्या किल्ल्यातही असतील की. मी ताडकन म्हणाले, आपल्या भागात बाण होते याला काडीचा पुरावा नाही, आणि इथं असतील-बिसतील चालत नाही. सगळे हसले. अप्पाही हसले.

पुढच्या रविवारी ते खताच्या रिकाम्या पोत्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. दुकानामागं शेड टाकायला खड्डे घेताना सापडलेली नळी. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, गंजून तांबूस झालेली. त्यांनी ती टेबलावर अलगद ठेवली.

"बाई, हे पाईप न्हाय. हातानं ठोकून वळवलंय बगा. म्या जनम लोखंडात घातलाय, मला कळतंय." मग नळी माझ्याकडं सरकवून म्हणाले, "पर बाण हाय का न्हाय, ते तुमी सांगा."

मी नळी हातात घेतली. आणि — इथंच अडतंय बघा माझं — एक टोक चकती ठोकून बंद केलेलं होतं. दुसऱ्या टोकालाही चकती होती, पण तिला मधोमध गोल भोक. जळता वायू बाहेर पडायची वाट. असंच चित्र माझ्या वहीत होतं, मीच काढलेलं. शंका होती का? नव्हती. तिळभरही नव्हती.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आठवड्यापूर्वी मी काय बोलले होते, ते प्रत्येकाच्या लक्षात होतं. काय म्हणायचं होतं मला? अप्पा, मी चुकले. बस, एवढंच.

मी म्हणाले, "बोअरच्या मोटारीचा जुना भाग आहे हा, अप्पा. भंगारात असे ढिगानं मिळतील."

कुणीतरी खुदकन हसलं. अप्पांनी नळी उचलली, फिरवून बघितली. "मग कापू का, बाई? लोखंड चांगलं हाय, कामाला यील."

तेव्हा तरी थांबवता आलं असतं. राहू द्या, एवढं म्हटलं असतं तरी नळी वाचली असती.

"कापा की," मी म्हणाले.

त्यांनी कापली. आमच्या प्रोजेक्टरच्या टेबलाचे पाय खालून कुजले होते. अप्पांनी नळीची चार कडी करून एकेका पायाला चढवली, वरून लाल रंग दिला, आणि मी — मी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. किती निर्लज्ज असावं माणसानं?

त्यानंतरही अप्पा येत राहिले. मध्येच प्रश्न विचारणं तेवढं बंद झालं. नवीन कुणी आलं की तेच समजावायचे, "हितं पुरावा लागतोय बरं का." ते ऐकताना मला त्यांच्यावरच राग यायचा. माझ्यावर यायला हवा तो राग — त्यांच्यावर!

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून जुन्या शस्त्रांचे एक अभ्यासक आले. कर्नाटकात सापडलेल्या बाणांचे फोटो त्यांच्या मोबाईलवर होते. या बाजूला असं काही कुणी पाहिलंय का, त्यांनी विचारलं. मंडळातले एक जण हसत म्हणाले, अप्पांना सापडली होती ना एक, बाईंनी निकालात काढली ती. अभ्यासकांनी मोबाईल अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. चकती. भोक. लई वेळ बघत राहिले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तेव्हाही बोलू शकले असते. मी खिडकीचा पडदा सारखा करायला उठले.

"न्हाय साहेब," पाठीमागून त्यांचा आवाज आला. "आमची अशी नव्हती. ती पाईपच व्हती."

पुढच्या रविवारी अप्पा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. दुकान चालू आहे, तब्येत बरी आहे, असं कळतं. मी अजून गेलेले नाही.