सेतेफानोचा सबवूफर

बायकोच्या गावी राहायला आलेल्या माणसाचं कौतुक पहिले आठ दिवस होतं, पुढे त्याच्यावर नुसतं लक्ष ठेवतात. सामोआतही घरजावई तो घरजावईच. सेतेफानो चूल पेटवायला सगळ्यांच्या पुढे असे आणि बोलायची वेळ आली की सगळ्यांच्या मागे. सवाई बेटावरच्या त्या गावात त्याची पोरं वाढली, केस पिकले, पण मनातली धास्ती काही गेली नाही. एक दिवस आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि गाव म्हणेल, बाहेरचा आहे, जाऊ दे त्याला त्याच्या गावी.

अशा माणसाच्या घरी ऑकलंडच्या मेहुण्यानं सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज घुमवणारा स्पीकर, पाठवला.

"दाजी, काही अवघड नाही," मेहुणा फोनवर म्हणाला. "एक वायर विजेला, एक ॲम्प्लिफायरला. झालं."

असं सांगणारी माणसं नेहमी लांब राहतात.

सबवूफर होता सासऱ्यासाठी. ओलोमुआ म्हणजे गावच्या पंचांतलं वजनदार माणूस. तरुणपणी तो चर्चमध्ये खर्जातला आवाज लावायचा आणि त्या गाण्याची एक कॅसेट घरात होती. पण घरातल्या स्पीकरांतून बायकांचे आवाज तेवढे यायचे, म्हाताऱ्याचा स्वतःचा कुठे बुडून जायचा कोण जाणे. "माझा आवाज ऐकव रे एकदा," तो जावयाला म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं.

ॲम्प्लिफायर जुना होता. सबवूफरसाठी वेगळी जागा त्याला नव्हतीच. मागच्या बाजूला पिना घालायच्या भोकांची एकच जोडी रिकामी दिसली. सेतेफानोनं लाल पिन लालमध्ये घातली, पांढरी पांढऱ्यात, आणि कॅसेट लावली. चटयांखालची जमीन हलली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि हळूच म्हणाला, "हा मी."

आता खरी गोम अशी की ती रिकामी जोडी रेकॉर्डिंगसाठी होती. व्हॉल्यूमचं बटण फिरवा नाहीतर उपटून टाका, तिथून येणाऱ्या आवाजाला काही देणंघेणं नसतं. सेतेफानोला हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कॅसेट पुन्हा चालू असताना शंख वाजला. शंख वाजला की प्रार्थना संपेपर्यंत गावात चिटपाखरू हलता कामा नये. रस्त्यावर काठ्या घेतलेले पहारेकरी उभे राहतात. हा नियम अलीकडे आणखी कडक झाला होता आणि तो कडक करायला पंचांना भाग पाडणारा माणूस म्हणजे खुद्द ओलोमुआ. ॲम्प्लिफायरचा खटका खाऱ्या हवेनं गंजलेला, एकदा बंद केला की परत लागेल याचा भरवसा नाही. म्हणून त्या घरात कुणीही फक्त आवाज शून्यावर आणायचं. सेतेफानोनंही तेच केलं, कॅसेट तशीच फिरत राहिली. स्पीकर गप्प झाले. सगळी मांडी घालून बसली आणि म्हाताऱ्यानं प्रार्थना सुरू केली.

ढुम्. ढुम्. ढुम्.

"सेते, हे काय?" बायको, लांगी, कुजबुजली.

"समुद्र."

"तालात?"

सेतेफानोला वाटलं, आपलंच काळीज धडधडतंय. मग गाण्याची चाल बदलली, तशी ढुम्‌ढुम्‌चीही बदलली, आणि त्यानं कोपऱ्यातल्या सबवूफरकडे पाहिलं.

घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. खर्जाचा आवाज कुठून येतो ते पटकन कळत नाही, त्यामुळे रस्त्यावरचे पहारेकरी आधी चर्चकडे वळले, मग समुद्राकडे, मग एकेका घराकडे पाहू लागले. उठावं तर प्रार्थनेत उठल्याचा गुन्हा. बसून राहावं तर गाव जागच्या जागी ऐकत होतं. आणि ओलोमुआची प्रार्थना आटोपशीर कधीच नसे. पहारेकरी घरासमोर येऊन थांबले तेव्हा सेतेफानोला राहवेना. तो सगळ्यांदेखत उठला, कोपऱ्यात गेला आणि वायर उपटली. म्हातारा मध्येच थांबला. मग पुढे सुरू झाला. नंतर तो जावयाला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. सेतेफानो चुलीपाशी कच्ची केळी सोलत राहिला.

"सोलून सोलून केळ्याची काडी केलीस," लांगी म्हणाली.

"मला परत पाठवलं तर तू येशील?"

"खुळा आहेस का?" ती म्हणाली, पण हसली नाही. त्यामुळे तो आणखीच घाबरला.

ऊन चढल्यावर म्हातारा परतला. खांबाला टेकून बसला, पाणी प्यायला.

"पंच म्हणाले, बाहेरचा माणूस आहे, त्याला काय कळतंय, माफ करून टाकू."

सेतेफानोच्या जिवात जीव आला.

"मी म्हटलं, नाही. माफ करायचं नाही."

"मामा, मी मुद्दाम नव्हतं केलं."

"ते मला ठाऊक आहे. माझ्या पोरांच्या हातून चुकलं तेव्हा मला दंड बसला की नाही? मग तुझ्या वेळी काय झालं? तू पाहुणा आहेस का माझ्या घरी?" म्हातारा चिडला होता, पण जावयावर नाही. "तासभर भांडलो त्यांच्याशी. शेवटी कबूल झाले. दंड म्हणून एक डुक्कर द्यायचंय. जा, मोठ्यातलं मोठं धर. बारकं नेऊन घराची लाज काढू नकोस."

सेतेफानो दोरी घेऊन कुंपणाकडे निघाला. त्याला रडू फुटत होतं आणि ते लांगीला दिसू नये म्हणून तो भरभर चालला.