फोटोपुरतं मशीन

आमच्या ह्यांचा आवाज गोड, हे मला लग्न ठरलं तेव्हाच कळलं होतं. तोच आवाज पुढे घरातल्याच पोरीच्या मुळावर येईल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

हे एका खासगी कॉलेजात प्रवेश विभागात आहेत. आधी साधे कारकून होते. फॉर्म तपासायचे, शिक्के मारायचे, पाच वाजता घरी यायचे. मग नवे संचालक आले आणि म्हणाले, आता ब्रँडिंग करायचं. झालं. भिंतींना निळा रंग लागला, ह्यांच्या कानाला हेडफोन लागला आणि टेबलावर पाटी आली, 'करिअर मार्गदर्शक'. काम काय, तर पालकांचे फोन घ्यायचे आणि कागदावर लिहून दिलेलं बोलायचं. ह्यांनी त्यात पदरचं एक वाक्य घातलं. "माझ्या घरची मुलगी असती, तर मी तिला इथेच घातलं असतं." त्यावर भले भले विरघळायचे. संचालकांनी ते सगळ्यांच्या कागदात छापून घेतलं. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हे बोलायला ह्यांना काही जड गेलं नाही.

माहितीपत्रकाचे फोटोही हेच काढून घ्यायचे. रक्त तपासणीच्या कोर्सच्या पानावर दरवर्षी एक भलंमोठं पांढरं मशीन असायचं. ते कॉलेजचं नव्हतंच. सकाळी कंपनीच्या टेम्पोतून यायचं, चार मुली पांढरे कोट घालून त्याच्या शेजारी उभ्या राहायच्या, आणि संध्याकाळच्या आत ते परत जायचं. हे घरी येऊन ती गंमत सांगायचे आणि मीही खुशाल हसायचे. माझा वाटा मी नाकारत नाही.

एका रविवारी नणंदेचा फोन आला. नवरा लवकर गेला, शाळेचे गणवेश शिवून तिने एकटीने मुलगी वाढवली. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, अशी बाई.

"दादा, पोरीला रक्त तपासायचं शिकायचंय. तुमचं पत्रक पाहिल्यापासून ते मशीन तिच्या डोक्यात बसलंय. चांगलं आहे ना रे कॉलेज?"

मी भांडी विसळत होते. फोनमधला शब्दन् शब्द ऐकू येत होता. ह्यांची पाठ एकदम ताठ झाली, आवाजाला ऑफिसातली साय चढली. "आपण अगदी निर्धास्त राहा," म्हणाले. सख्ख्या बहिणीला आपण! आणि त्याच दमात ते वाक्य.

नणंद खळखळून हसली. "अरे, घरचीच आहे की ती!"

फोन ठेवल्यावर हे पांढरेफटक पडले. "तोंडातून गेलं गं," म्हणाले, "सवयीने गेलं." मी म्हटलं, "मग लावा परत फोन आणि खरं सांगा." म्हणाले, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी नणंदेनेच गल्लीभर सांगून टाकलं होतं की पोरगी मामाच्या कॉलेजात जाणार. तिचा तो आनंद मोडायची ह्यांची छाती झाली नाही. आणि मी? मीही मूग गिळून बसले.

भाची वसतिगृहात राहायला आली. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन विचारते, "मामा, ते मशीन कुठंय? प्रयोगशाळेत दोनच सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातल्या एकातून धड दिसत नाही."

"दुरुस्तीला गेलंय," हे म्हणाले.

दोन वर्षं मशीन दुरुस्तीतच होतं. तिने ग्रंथालयातून त्याचं जाड पुस्तक आणलं, कुठलं बटण कशासाठी ते वहीत उतरवलं, चित्रं काढली. आमच्याकडे जेवायला आली की मला समजावून सांगायची. मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

आधीची दोन वर्षं फोटो सुट्टीत उरकले होते. तिसऱ्या वर्षी तो दिवस कॉलेज चालू असताना आला. ह्यांनी तिचं नाव यादीत घातलं नव्हतं. पण टेम्पो फाटकातून आत येताना तिने पाहिला आणि धावत सुटली, काखेत वही. "मामा, आलं की दुरुस्त होऊन!" मैत्रिणींना तिने हाताला धरून आणलं. एक कोट शिल्लक होता, तो चढवला आणि बटणाकडे हात नेला.

कंपनीचा माणूस खेकसला, "ओ ताई, हात नका लावू. नुसतं उभं राहायचं. फोटो झाला की मला हे परत न्यायचंय. दर वर्षी सांगावं लागतं का?"

तिने वळून ह्यांच्याकडे पाहिलं. हे कॅमेऱ्याच्या शेजारी उभे. काय बोलावं? जीभ झडली असती तर बरं, असं नंतर रडत मला म्हणाले. कारण तोंडातून निघालं ते रोजचंच. "जरा हसा सगळ्यांनी."

आणि पोरगी हसली हो. मामाने सांगितलं म्हणून हसली. त्या वर्षीच्या पत्रकावर तोच फोटो आहे.

पदवी मिळाली. तीन इस्पितळांत मुलाखतीला गेली. तिन्ही ठिकाणी मशीनसमोर बसवलं आणि हात बसलेला नाही म्हणून परत पाठवलं. आता एका दवाखान्यात ती नावनोंदणीच्या खिडकीत बसते.

नणंदेला ह्यातलं काही माहीत नाही. पोरगी दवाखान्यात लागली, एवढंच तिला ठाऊक. परवा भाची आमच्याकडे आली असताना नणंदेचा फोन आला. पत्रकावरचा फोटो तिने शिलाई मशीनच्या वर चिकटवलाय म्हणे. "दादा, तुझ्यामुळे पोरीचं भलं झालं. तुझे उपकार कसे फेडू रे?"

ह्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मला वाटलं, आता तरी बोलतील. भाचीने अलगद त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "आई, मामाला काम आहे, मागून बोलतो तो," म्हणाली आणि बंद केला.

मग ती ह्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "तिला कधीच सांगू नकोस, मामा. तिला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे?"