गालाकडे न गेलेला हात

फिटच्या गोळ्या मी नागपूरच्या प्रयोगशाळेतून गुपचूप आणल्या आणि कामरगावच्या स्टँडवरच्या चणेवाल्याला दिल्या. किती घ्यायच्या, तेही अंदाजानेच सांगितलं. चूक सर्वस्वी माझी.

आणीबाणीच्या वर्षी मी त्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर चालतात का, हे उंदरांवर तपासत असे. पायाची नस दुखावलेला उंदीर तापलेल्या पत्र्यावर ठेवायचा. त्याने पाय उचलला नाही, तर 'आराम' असं लिहायचं.

चणेवाल्याच्या उजव्या गालाच्या नसेत कळ उठायची. नुसता वारा लागला तरी तो बोलता बोलता थांबायचा, तळहात गालाजवळ न्यायचा, पण टेकवायचा नाही. कळ ओसरली की मला टोचायचा, "काहून हो, उंदराचे डाक्टर? उंदराले आराम पडते, मंग मले कायले नाही?"

गोळ्या दिल्यानंतरच्या रविवारी मी कामरगावला गेलो, तेव्हा तो गाड्याला टेकून बसला होता. वारा सुटला होता, तरी हात गालाकडे गेला नाही. मला आनंद झाला. मग त्याच्या ओठांतून लाळ ओघळली. हाका मारल्या, तर डोळे माझ्याकडे वळेनात. त्याला जीपमध्ये घातलं आणि कारंजाचा दवाखाना येईपर्यंत त्याच्या नाकाशी बोट धरून बसलो. बोटाला श्वास जाणवला नाही की माझाच थांबायचा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो बोलला. "दुखून तर राह्यलंच होतं. हातच उचलत नव्हता. तुमच्या उंदराचंबी असंच असन."

मी त्याचे पाय धरले. "माफ करा, भाऊ," म्हणालो, "तुम्हाला तसं बसलेलं पाहून मी मनात 'आराम' लिहून मोकळा झालो होतो."