फक्त गोष्ट ऐकली

मी सह्यांचा कागद फिरवला आणि देवळाच्या ओट्यावरच्या गप्पा एकदम थांबल्या.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. 'कमवा आणि शिका' योजनेत मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. ग्रंथपाल मॅडमनी मला भूगावच्या पुढच्या एका गावात गटवाचन घ्यायला पाठवलं होतं. गटवाचन म्हणजे सगळ्यांनी मिळून एक छोटी कथा वाचायची आणि तिच्यावर बोलायचं. हजेरीपत्रकावर किमान दहा सह्या हव्यात, नाहीतर उपक्रम बंद आणि माझं कामही बंद, असं त्यांनी सांगितलं होतं.

चौदा माणसं आली होती. कागद सगळ्यांच्या हातातून फिरून कोराच परत आला.

"पोरी, ह्यो कागद कशाचा?" आबांनी विचारलं. ते गावात सगळ्यांत वयस्कर.

मी म्हटलं, हजेरीचा.

"मागं बी हजेरीच्याच सह्या घेतल्या हुत्या. आता आमच्या त्या जमिनीवर बारा मजले हायेत."

सह्यांचं नंतर बघू म्हणून मी कथेच्या झेरॉक्स वाटल्या. कथा दीड पानाची. एक म्हातारा जमीन विकतो. बांधावरचं आंब्याचं झाड तेवढं तोडू नका म्हणतो. घेणारा हो म्हणतो. पुढच्या उन्हाळ्यात तिथे झाड नसतं.

चष्मे निघाले. पारूमावशींना वाचता येत नाही. त्यांनी शेजारणीकडून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली. काहींनी कागद उलटून मागे बारीक अक्षरात काही आहे का तेही पाहिलं. आमच्या वर्गात परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा कुणी इतकं नीट वाचत नाही.

मग मी वहीतला पहिला प्रश्न विचारला. झाड कशाचं प्रतीक आहे?

"कशाचं म्हंजे? आंब्याचं हाय," आबा म्हणाले.

माझे पुढचे पाचही प्रश्न याच प्रश्नावर बेतलेले होते. मी वही मिटली.

तेवढ्यात पारूमावशी म्हणाल्या, "ह्यात त्याची बायको कुटं हाय? जमीन इकताना तिला कुनी इचारलं का?"

मी ती कथा आठ वेळा वाचली होती. बायको कुठेच नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग तासभर वाद चालला. बायको असती तर झाडाचं लिहून घेतलं असतं, असं बायकांचं म्हणणं. पुरुष झेरॉक्समध्ये डोकं घालून बसले.

निघायची वेळ झाली. सह्या झाल्या नाहीत तर माझं काम जाईल, हे मी शेवटी चाचरत सांगितलं. आबांनी कागद मागून घेतला आणि मला वर एक ओळ लिहायला लावली: 'आम्ही फक्त गोष्ट ऐकली. दुसऱ्या कशालाही संमती नाही.' ती दोनदा मोठ्यानं वाचून घेतली. मग तेरा सह्या आणि एक अंगठा झाला. नंतर कुणी काही वाढवू नये म्हणून आबांनी खाली रेघ मारली.

मॅडमनी तो कागद वाचला आणि फाईलला लावला. पुढच्या महिन्याच्या हजेरीपत्रकावर ती ओळ छापूनच आली.

आता प्रश्नांची वही मी क्वचितच उघडते. पट्टी मात्र विसरत नाही. आबांना रेघ सरळ लागते.