इंदूताईंचा लाल ठिपका

"ते सगळं सासू बोलली, सर. सृष्टीनं तोंड उघडलं न्हाई."

"कुणी का बोलेना, इंदूताई. माहिती आली, कागद झाला."

"पण खोटी माहिती आली ना."

अंबरीश डॉक्टरांनी मान चोळली. महिनाभरापासून त्यांच्या टेबलावरच्या मोबाईलमध्ये नवा लेखनिक बसला होता, एक ॲप. खोलीतलं बोलणं ऐकायचा आणि केसपेपर तयार करून द्यायचा. साठ-साठ बायका तपासून वर कागद खरडायचे, त्यातून डॉक्टर सुटले होते. आता ते पेशंटच्या तोंडाकडं बघून बोलत.

इंदूनं या नांदेडच्या दवाखान्यात तेवीस वर्षं केसपेपर लिहिले. नवरा गेल्यावर पोरीला शिकवलं ते याच कामावर. भोकर-हिमायतनगरकडची सून आली की सोबत सासू येणारच, आणि पाळी कधी चुकली हेही सासूच सांगणार. मग इंदू म्हणायची, "मावशी, तेवढी पावती फाडून या," आणि सुनेला पडद्यामागं वजनकाट्यावर उभं करायची. तिथं कळलेलं ती कधी लिहीत नसे, कारण कागद घरी जातो. नुसता कोपऱ्यात लाल ठिपका द्यायची. हिला एकटीला विचारा, हे डॉक्टर समजून जात.

"सोमवारपासून काउंटरला बसा," डॉक्टर म्हणाले. "नंबर लावा. तुमचीही दगदग कमी."

"माझ्या दगदगीचं ऱ्हाऊ द्या. सृष्टीच्या कागदावर काय आलंय?"

"पूर्वीचा आजार नाही. गोळ्या चालू नाहीत."

इंदूनं दार लोटलं. "तिला फिट येते, सर. लग्नाआधीपासून. सासरी सांगितलंच न्हाई. पिठाच्या डब्यात गोळ्या लपवून खात होती, अन् दिवस गेल्यावर भिऊन त्याबी सोडल्या. आत्ता काट्यावर रडली माझ्याजवळ. घरी कळलं तर नांदवणार न्हाईत म्हणती."

डॉक्टर ताठ बसले. "एकदम सोडल्या? अहो, जिवावर बेतेल. कोणती गोळी?"

"नाव न्हाई येत तिला. तिला एकटीला आत घ्या, हेच मघापासून सांगून राहिले मी. तुमच्या यंत्रात ठिपका द्यायला जागा हाय का कुठं?"

"बोलवा तिला. तोवर हा कागद बाजूला ठेवतो."

सवयीनं त्यांचं बोट 'पूर्ण'वर पडलं. पूर्ण झालेला कागद सोप्या मराठीत नातेवाइकाच्या मोबाईलवर जायचा. डॉक्टरांना त्याचं भारी कौतुक. आता मात्र ते मोबाईलच्या पडद्याकडं बघतच राहिले. सृष्टी बाहेर गेल्यावर लेखनिकाचं ऐकणं बंद करायचं राहून गेलं होतं.

"पूर्वीचा आजार, फिट येणे," त्यांनी हळू वाचलं. "गोळ्या रुग्णाने स्वतः सोडल्या. सासरी माहिती नाही."

"कुणाच्या नंबरवर गेलं?"

डॉक्टरांनी फाइल तिच्यापुढं सरकवली. नंबर सासूचा, साखराबाईचा होता, आणि तो सकाळी इंदूनंच विचारून लिहिला होता.

तिनं दार उघडलं. बाकड्यावर साखराबाई सुनेच्या हातात मोबाईल कोंबत होती. "मला कुठं वाचाया येतंय? दाक्तरनं काय लिवलंय, वाच मोठ्यानं."

सृष्टीनं वाचलं, मनात. मग मान वर करून इंदूकडं पाहिलं.

"काय गं, वाच की. पोरगं बरं हाय न्हवं?"

"सृष्टी, आत ये बाई," इंदू म्हणाली. "सर बोलवून राहिले. एकटीच ये."

सृष्टी उठली. मोबाईल मुठीत तसाच धरून ती दोघींच्या मधून निघाली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गेली.