नायरी फाइतिरीची दोन बोटं

नायरी फाइतिरीच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. मधलं आणि त्याच्या शेजारचं. कसं झालं म्हणून कुणी विचारलं तर ती म्हणते, "कॅलम ड्रायसडेलला विचारा," आणि चालू लागते. कॅलमला विचारलं तर तो मान हलवून म्हणतो, "अपघात होता हो. बिचारीचं नशीब." मी दोघांनाही विचारत नाही. मला सगळं ठाऊक आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

मी लॉरी. पृथ्वीच्या पार दक्षिणेकडच्या साउथलंडमधल्या एका छोट्या गावात माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, दूध काढायची यंत्रं, शेतावर फिरायच्या चार चाकी क्वाड बाइक, जिथे वायर आहे तिथे मी आहे.

नायरी मूळची ब्लफची, अगदी दक्षिणेच्या टोकाची. बाप समुद्रातून कालवं, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढणाऱ्या बोटीवर. नवरा कामाला म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हा दोन लहान मुली घेऊन ती म्हाताऱ्या अॅलेक ड्रायसडेलच्या दुधाच्या शेतावर कामाला लागली. कॅलम त्या अॅलेकचा मुलगा. नायरी आली तेव्हा तो शाळेत होता, आणि तिच्याच स्वयंपाकघरात बसून मटणाची भरली पोळी खायचा. सहाशे गायींचा कळप होता. कुठली गाय उद्या लंगडणार हे नायरी आज तिच्या चालीवरून सांगायची. आवाज खणखणीत, जिभेला धार. सव्वीस वर्षं तिनं ते शेत पाठीवर वाहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

हिवाळ्यात गायी आटलेल्या असतात. त्यांना सलगमाच्या वावरात सोडतात, आणि रोज सकाळी विजेच्या तारेचं कुंपण थोडं थोडं पुढे सरकवून नवा चारा मोकळा करतात. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे जुलैत ऐन हिवाळा असतो, तेव्हा सकाळी करून पाहावं. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यातून लोखंडी खुंट्या उपटायच्या. सलगमाच्या पानांवरच्या बर्फानं हातमोजे पाचव्या मिनिटाला भिजतात आणि दहाव्या मिनिटाला कडक होतात. मग तेच हात घेऊन क्वाडवर बसायचं आणि वाऱ्यात पुढच्या वावराकडे जायचं. क्वाडचा वेग अंगठ्यानं दाबायचा असतो, म्हणजे अंगठा मिटून ऊब घ्यायचीही सोय नाही.

पन्नाशीनंतर नायरीची बोटं पांढरी पडू लागली. थंडी लागली की मेणबत्तीसारखी पांढरी, संवेदना शून्य. डॉक्टरीण म्हणाली, रक्त पोचत नाही, हा आजार आहे, हात गरम ठेवायचे, नाहीतर एक दिवस महागात पडेल. काम तर सोडता येत नव्हतं. मग नायरीनं कॅलमकडे एकच गोष्ट मागितली. तिच्या क्वाडला गरम हँडल.

त्यात काही जादू नाही. रबरी मुठीच्या आत बारीक तारा असतात, बॅटरीवर तापतात. अंगठ्याच्या पट्टीलाही एक छोटा तुकडा लावता येतो. बटण दाबलं की पाच मिनिटांत ऊब. मला एका गाडीला एक तास लागतो.

म्हातारा अॅलेक तोवर वारला होता आणि शेत कॅलमचं झालं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, त्याचा मला फोन आला. "लॉरी, तीन क्वाडना गरम हँडल बसवायची. माझी, मुलाची आणि नायरीची." मी वहीत लिहून घेतलं. शेतावर गेलो, दोन गाड्या केल्या. तिसरीकडे वळलो तर कॅलम म्हणाला, "ती राहू दे. जुनी झालीय. उगाच कशाला तिच्यावर खर्च?"

"पण नायरीला बोटांचा त्रास—"

"नायरीला कसला ना कसला त्रास असतोच. तू तुझं काम कर."

मी वहीतली तिसरी ओळ खोडली. पुढे 'मालकाच्या सांगण्यावरून' असं लिहिलं, ती माझी सवय. आणि तोंडात गुळणी धरून घरी आलो. ड्रायसडेलचं शेत माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. एवढंच कारण. दुसरं शोधूनही सापडत नाही.

त्या हिवाळ्यात नायरीनं पुन्हा मागितलं. शेडमध्ये सगळे चहाला बसले होते. दूध काढायच्या यंत्राची एक वायर जळाली होती म्हणून मीही तिथे होतो. रोडेल नावाचा फिलिपिनो कामगार होता, तो तिला आंटी म्हणायचा. कॅलम बिस्किट बुडवत होता.

"कॅलम, माझ्या गाडीचं काय झालं?" नायरीनं विचारलं.

"कशाचं?"

"हँडलचं. तुझी बसली, तुझ्या पोराची बसली. तो तर दहा वाजता उठतो."

रोडेलला हसू आलं, त्यानं कपात तोंड घातलं. कॅलमचा चेहरा लाल झाला.

"हँडल झालं की सीटही गरम मागशील," तो म्हणाला. "मग म्हणशील गाडीवर चहाची किटली लाव. माझ्या बापाच्या वेळी कुणी मागितलं होतं का? तू तर ब्लफची ना? तुम्ही लोक बर्फाच्या पाण्यात हात घालून कालवं काढता म्हणे!"

"माझा बाप काढायचा," नायरी म्हणाली. "त्याच्या मालकानं बोटीवर शेगडी ठेवली होती. तो मालक अडाणी होता, पण माणूस होता."

ती कप आपटून बाहेर गेली. मी जळकी वायर बदलत राहिलो.

पुढच्या जुलैत ते घडलं. सलग चार दिवस कडाक्याचं दहिवर पडत होतं. रोडेल तापानं पडला होता, म्हणून दोघांच्या वाट्याचं कुंपण नायरी एकटी सरकवत होती. तिसऱ्या वावरात तारेचं कडं तिच्या हातून बसेना. बोटं वाकतच नव्हती. तेव्हा तिनं तेच केलं जे इथला प्रत्येक शेतमजूर करतो. ओले हातमोजे काढले आणि चालू क्वाडच्या सायलेन्सरवर हात धरले. सगळे एक वीतभर वर धरतात आणि चटका जाणवला की मागे घेतात. नायरीला चटका जाणवलाच नाही. उजवा हात टेकला होता, हे तिला कळलं नाही.

जळका वास आला. तिला वाटलं, गाडीचं रबर जळतंय. तिनं वाकून गाडीखाली पाहिलं. मग हाताकडे पाहिलं.

हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज कापला नाही.

ज्या बोटांत मुळात रक्त पोचत नव्हतं ती भरून येणार कशी? सहा आठवडे पट्ट्या झाल्या, शेवटी शहरातल्या इस्पितळात दोन बोटं अर्धी कापली. उपचाराचा खर्च सरकारी विम्यानं केला. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण विम्याच्या कागदांबरोबर मालकानं लिहिलेल्या अपघाताच्या अहवालाची एक प्रत तिच्या घरी आली. त्यात कॅलमच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: 'कामगारानं कोणतंही कारण नसताना, निष्काळजीपणे, स्वतःच्या मर्जीनं हात तापलेल्या भागावर ठेवला.'

कोणतंही कारण नसताना!

बोटं गेल्यावर नायरी रडली नव्हती. ती ओळ वाचून तिच्या अंगाची लाहीलाही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पट्टी बांधलेल्या हातानं शेतावर गेली, सरळ कॅलमच्या नव्या क्वाडवर बसली, डाव्या हातानं किल्ली फिरवली आणि गरम हँडलचं बटण दाबलं. कॅलम घरातून चपला घालून धावत आला. रोडेल शेडच्या दारात उभा राहून सगळं बघत होता. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

"नायरी, उतर खाली. अजून तू कामावर नाहीस."

"बसू दे जरा. पाच मिनिटं लागतात म्हणे ऊब यायला. दोन वर्षं मागत होते, आज बघते तरी कशी असते ती."

"हे बघ, मला वाईट वाटतंय तुझ्या—"

"वाईट वाटतंय? लिहिताना वाटलं नाही? कारण नसताना! मी काय हौस म्हणून बोटं भाजली? सांग ना, कारण काय होतं? तुझ्या बुडाखाली होतं ते कारण! मी आत्ता त्याच्यावर बसलेय!"

"आवाज खाली कर."

"तुला रांधून घातलंय मी या हातांनी. ते वाक्य बदल."

"वकिलाला विचारून लिहिलंय ते. बदलणार नाही. आणि तू आता घरी जा, परत यायची गरज नाही."

सव्वीस वर्षं एका वाक्यात संपली. नायरी उतरली. बटण बंद केलं नाही. रोडेलच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "पोरा, हातमोजे दोन जोड ठेवत जा," आणि गेली.

मजूर-मालक तंट्यांसाठी शहरात सरकारी कचेरी आहे, तिथे तिनं अर्ज केला. मध्यस्थासमोर बसायच्या आधीच कॅलमच्या वकिलानं तिला भरपाई देऊ केली. अट एकच, कुठे वाच्यता करायची नाही. तिच्या मुलींनी समजावलं, घे आई, कशाला भांडतेस. नायरीचं एकच पालुपद होतं. "भरपाई हातात घेऊन ती ओळ तशीच ठेवू? मेल्यावरही कागदावर मीच मूर्ख राहणार?"

हे मला गावातल्या दुकानात कळलं. त्या दिवशी घरी येऊन मी वही काढली. खोडलेली ओळ अजून वाचता येत होती. ती माझ्याकडे दीड वर्षं होती. तिचा हात भाजला तेव्हा होती, बोटं कापली तेव्हाही होती. मी स्वतःला विचारलं, लॉरी, तू कुठल्या तोंडानं झोपतोस? मग वही पिशवीत घालून नायरीच्या घरी गेलो.

तिनं पान पाहिलं. तारीख पाहिली. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल, चहा टाकेल. तिनं वही टेबलावर ठेवली.

"म्हणजे माझी गाडी यादीत होती."

"होती."

"आणि तू तिथे उभा होतास."

"हो."

"दोन हिवाळे कुठे होतास रे तू? चहाच्या वेळी समोर होतास की! वायर बदलत होतास!"

"चुकलं माझं, नायरी."

"चुकलं म्हणून सांगायला आलास की साक्ष द्यायला?"

"साक्ष द्यायला."

"मग सोमवारी मध्यस्थासमोर बसायचंय, कचेरीत वेळेवर ये. आणि आता जा, मला तुझं तोंड बघवत नाही."

सोमवारी गेलो. कॅलमनं मला पाहिलं आणि त्याला आधी वाटलं, मी त्याच्या बाजूनं आलोय. मी वही मध्यस्थ बाईंसमोर ठेवली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "मिस्टर ड्रायसडेल, तिसरी गाडी कुणाची होती?" कॅलमनं वही स्वतःकडे ओढून पाहिली. मग म्हणाला, "मला आठवत नाही." नायरीनं उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. "मला आठवतंय," ती म्हणाली.

कॅलमला ती ओळ बदलावी लागली. नवी ओळ तिनं स्वतः शब्द न शब्द सांगितली: 'कामगारानं आजार असल्याचं सांगून गरम हँडल मागितली होती. मालकानं स्वतःच्या गाडीला बसवली, तिच्या गाडीला बसवू दिली नाहीत.' खाली कॅलमची सही. कामावरून काढल्याची भरपाईही मिळाली, तोंड बंद ठेवायच्या अटीशिवाय. शेतावर मात्र ती परत गेली नाही.

ड्रायसडेलचं काम माझ्या हातून गेलं. त्याच्या दोन शेजाऱ्यांचंही गेलं. गेलं ते बरं झालं.

नायरी आता शाळेची बस चालवते. कॅलमनं शहरातल्या दुसऱ्या कुणाला गाठून सगळ्या क्वाडना गरम हँडल बसवून घेतली, आणि मजुरांच्या सुरक्षेवर तो शेतकऱ्यांच्या बैठकीत नाकानं कांदे सोलत बोलतो. लोक टाळ्या वाजवतात. ज्यांना सगळं माहीत आहे तेही वाजवतात.

या जूनमध्ये रोडेलच्या गाडीचं हँडल तापेनासं झालं. कॅलम म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. रोडेल म्हणाला, "ठीक आहे, पण कागदावर लिहून द्या, की मी मागितलं होतं." संध्याकाळच्या आत हँडल दुरुस्त झालं.

रोडेलनं हे मोठ्या कौतुकानं नायरीला सांगितलं. मीही तिथे होतो, तिच्या बसचा दिवा बदलत होतो. मला वाटलं, आता तरी ती हसेल.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. "माझी दोन बोटं गेली तेव्हा कुठे तुझी पाच मिनिटांत गरम झाली. तोंडानं मागून का नाही मिळालं रे? कागदच का लागला?"

मी दिवा बसवून बाजूला झालो. तिनं बसचं दार धाडकन लावलं आणि पोरांना आणायला निघून गेली.